आवाज येतो कुठून? संगीतातली दिशा आणि आपला मुलूख

संगीताबद्दल बोलताना आपण सूर, लय, ताल आणि शब्द यांच्याबद्दल भरभरून बोलतो. आवाज कोणत्या बाजूनं आला, किती अंतरावरून आला, एका जागी थांबून होता की चालत होता, हे मात्र क्वचितच बोलण्यात येतं. भुदरगड तालुक्यातल्या माणसाला खरं तर हे सांगावं लागत नाही. आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला निघालेल्या माणसाला देऊळ दिसण्याआधी ढोल ऐकू येतो. ढोल समोरून येतोय, बगलेच्या वाटेनं येतोय की मागं पडलाय, हे कान आपोआप सांगतो. गारगोटीच्या बाजारपेठेतून मिरवणूक निघाली की घरात बसलेला म्हाताराही हलगी कोणत्या वळणावर आली ते ओळखतो. ही जाण संगीताची जाण आहे आणि सूर-लयीच्या जाणिवेइतकीच ती मोलाची आहे, हे या लेखाचं म्हणणं आहे.

गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत जगभरच्या प्रयोगशील संगीतकारांनी याच जाणिवेवर मोठं काम केलं. श्रोत्यांभोवती वादक उभे केले, स्पीकरची वर्तुळं बांधली, इमारतीलाच वाद्य केलं. या प्रयोगांकडे आपल्याकडे सहसा परदेशी तंत्राची करामत म्हणून पाहिलं जातं. त्यांच्यामागचे प्रश्न मात्र आपल्या वारीत, धनगरी ढोलात, कीर्तनात आणि रंगभूमीवर वर्षानुवर्षं हाताळले गेले आहेत. दोन्ही बाजू शेजारी ठेवून पाहिल्या, तर पुढं काय करायचं तेही उमगतं.

कानाचं गणित

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर वेगानं जातो. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानात आधी आणि डाव्या कानात किंचित उशिरा पोचतो. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या सुमारे दीड हजाराव्या भागाएवढा असतो, तरी मेंदू तो टिपतो. शिवाय डोकं आड येत असल्यामुळे लांबच्या कानाला आवाज, विशेषतः त्यातला टिपेचा भाग, कमी ऐकू येतो. खर्जातल्या आवाजाची दिशा मुख्यतः वेळेच्या फरकावरून कळते आणि टिपेच्या आवाजाची तीव्रतेच्या फरकावरून. इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली ही दुहेरी मांडणी केली. वर-खाली आणि पुढं-मागं ओळखायला कानाच्या पाळीच्या घड्या मदत करतात. समोरच्या आवाजाच्या दिशेत एखाद्या अंशाचा फरक पडला, तरी चांगला कान तो पकडतो.

हलगी आणि ढोल यांच्या ऐकण्यातला फरक इथून समजतो. हलगीचा ठोका कोरडा, टोकदार आणि टिपेचा असतो, त्यामुळे ती नेमकी कुठं वाजते आहे ते क्षणात कळतं. मोठ्या ढोलाचा खर्ज काही मीटर लांबीच्या लहरींचा असतो. तो भिंतींना वळसा घालून येतो आणि अंगाला वेढतो. दोन्ही एकत्र वाजतात तेव्हा ऐकणाऱ्याला एक नेमका बिंदू मिळतो आणि त्याभोवती पसरलेलं भरीव वातावरण मिळतं. ही जोडी जुळवणाऱ्यांनी भौतिकशास्त्र वाचलं नव्हतं, पण त्यांचा कान पक्का होता.

दुसरी महत्त्वाची गोष्ट जर्मनीतल्या हेल्मुट हास यांनी १९४९ साली प्रयोगांतून दाखवली. एकच आवाज दोन ठिकाणांहून आला आणि दुसरा पहिल्याच्या मागोमाग, सेकंदाच्या साधारण तिसाव्या भागाच्या आत पोचला, तर कान ते दोन आवाज मानत नाही. दोन्ही मिळून एकच आवाज ऐकू येतो आणि जो आधी पोचला त्याच्या दिशेनं तो आल्यासारखा वाटतो. अंतर वाढलं की मात्र प्रतिध्वनी वेगळा पडतो. प्रयोगशील संगीतातली यंत्रं, नाट्यगृहांच्या रचना आणि गावच्या सप्ताहातले भोंगे, या सगळ्यांना हाच नियम लागू होतो.

जगातल्या चार वाटा

पहिली वाट वादकांना वाटून उभं करण्याची. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमध्ये समोरासमोरच्या सज्जांवर गायक-वादकांचे वेगळे गट बसवून सोळाव्या शतकाच्या अखेरीस जोव्हान्नी गाब्रिएली यांनी सवाल-जवाबाचं संगीत रचलं. विसाव्या शतकात अमेरिकेच्या हेन्री ब्रांट यांनी १९५३ साली ‘अँटिफोनी १’मध्ये वाद्यवृंदाचे पाच गट सभागृहात लांब लांब बसवले. त्यांचं निरीक्षण फार कामाचं आहे. दोन अगदी वेगळ्या चाली एका जागेवरून वाजल्या तर कालवा होतो, पण त्या दोन दिशांनी आल्या तर कान दोन्ही स्वच्छ ऐकतो. त्याच वर्षी कॉलिन चेरी यांनी गर्दीच्या गोंगाटातून एकच माणूस निवडून ऐकण्याच्या कानाच्या क्षमतेवर प्रयोग प्रसिद्ध केले. कार्लहाइन्झ स्टॉकहाउझन यांचं ‘ग्रुपेन’ १९५८ साली तीन वाद्यवृंद आणि तीन संचालक घेऊन श्रोत्यांच्या तीन बाजूंनी वाजलं. यान्निस झेनाकिस यांनी १९६६च्या ‘तेरेतेक्तोर’मध्ये ८८ वादक श्रोत्यांमध्येच विखरून बसवले. पुढं १९६९ साली इराणात पर्सेपोलिसच्या अवशेषांत त्यांचं ‘पर्सेफासा’ झालं. त्यात सहा तालवादक श्रोत्यांना घेरून उभे होते आणि शेवटी ठोके एकाकडून दुसऱ्याकडे गोल फिरत वेग घेत गेले.

दुसरी वाट स्पीकरची. १९५८च्या ब्रुसेल्स प्रदर्शनात फिलिप्स कंपनीच्या मंडपात एडगार वारेझ यांचं ‘पोएम एलेक्त्रोनिक’ तीनशेहून अधिक स्पीकरमधून वाजलं. मंडपाचा आराखडा ल कोर्बुझिए यांच्या कार्यालयाचा होता. हेच कोर्बुझिए त्या काळात आपल्या चंदीगडचंही काम करत होते. मंडपाच्या वळत्या भिंतींवरून आवाज धावत जाई. १९७०च्या ओसाका प्रदर्शनात जर्मन मंडपाचं सभागृह गोलाकार होतं. श्रोते मध्यावर जाळीदार जमिनीवर बसत आणि त्यांच्या वर, खाली, चहूबाजूंना स्पीकर असत. पॅरिसमध्ये फ्रांस्वा बेल यांनी १९७४ साली ‘अकुस्मोनियम’ उभारलं. वेगवेगळ्या आकाराच्या आणि पोताच्या स्पीकरचा हा वृंदच होता आणि मिक्सरवर बसलेला माणूस तो प्रत्यक्ष वाजवत असे. इंग्लंडमध्ये मायकेल गर्झन यांनी त्याच दशकात अँबिसॉनिक्स ही पद्धत मांडली. तिच्यात चहूबाजूंचा आवाज चार वाहिन्यांत साठवता येतो आणि नंतर कितीही स्पीकरवर उलगडता येतो. आजच्या हेडफोनमधला भोवताली फिरणारा आवाजही बराचसा याच विचाराच्या आधारानं चालतो.

तिसऱ्या वाटेनं गेलेल्यांनी जागेलाच वाद्य मानलं. अल्विन लुसिये यांनी १९६९ साली खोलीत बसून काही वाक्यं ध्वनिमुद्रित केली, ती त्याच खोलीत वाजवून पुन्हा मुद्रित केली आणि हा क्रम चालू ठेवला. हळूहळू शब्द विरघळले आणि त्या खोलीचे स्वतःचे सूर उरले. पॉलीन ऑलिव्हेरॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका जमिनीखालच्या रिकाम्या पाण्याच्या टाकीत उतरून वाजवलं. तिथं एक सूर विरायला सुमारे ४५ सेकंद लागत. अशा जागेत घाईनं वाजवताच येत नाही. पुढचा सूर कधी लावायचा ते टाकी सांगते.

चौथ्या वाटेवर ऐकणारा चालतो. जॅनेट कार्डिफ यांनी २००१ साली टॉमस टॅलिस यांच्या चाळीस स्वरांच्या जुन्या रचनेतला प्रत्येक गायक वेगळा मुद्रित करून चाळीस स्पीकरमधून वाजवला. एका स्पीकरजवळ गेलं की एकच माणूस कानाशी गातो. खोलीच्या मध्यावर उभं राहिलं की सगळे मिळून अंगावर येतात. काय ऐकायचं हे तिथं श्रोत्याचे पाय ठरवतात.

भारतातही या वाटांचा एक धागा आला होता. गीता साराभाई १९४६ साली न्यूयॉर्कला गेल्या तेव्हा त्यांनी जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवलं आणि त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकल्या. १९६९ साली केज यांचे सहकारी डेव्हिड ट्यूडर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आले आणि तिथं मूग सिंथेसायझर बसवून देशातला बहुधा पहिला इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ सुरू झाला. तिथल्या टेप अनेक दशकं पडून होत्या. त्यांतलं निवडक काम २०२३ साली प्रकाशित झालं. ट्यूडर पुढच्याच वर्षी ओसाकाला पेप्सीच्या मंडपात ३७ स्पीकरच्या आरसेमहालात काम करत होते. अहमदाबादचा स्टुडिओ मात्र काही वर्षांतच थंडावला. त्याचा धागा आपल्या गायन-वादनाच्या मुख्य प्रवाहाशी जुळला नाही.

वारीतला कान

आता आपल्याकडे वळू. ब्रांट यांना सापडलेली गोष्ट वारीच्या दिवसांत आळंदी-पंढरपूरच्या वाटेवर रोज घडते. माऊलींच्या रथापुढं सत्तावीस दिंड्या आणि मागं त्याहून कितीतरी अधिक. प्रत्येक दिंडीचा विणेकरी वेगळा, मृदंग वेगळा, अभंगही त्या क्षणी वेगळा. रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की एक दिंडी जवळ येते, भरते आणि ओसरते, तोवर पुढचीचे टाळ सुरू झालेले असतात. दोन दिंड्यांच्या मधल्या टप्प्यात डाव्या कानात एक चाल आणि उजव्या कानात दुसरी असते, आणि दोन्ही कळतात. दिंडीत चालणाऱ्याला हा अनुभव येत नाही. तो एकाच आवाजाच्या पोटात असतो. एकच सोहळा उभ्यानं ऐकणारा आणि चालत ऐकणारा दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी ऐकतो.

पालखी तळावर संध्याकाळी समाजआरती होते, त्या वेळची एक रीत या विषयात मला सर्वांत बोलकी वाटते. दिंड्या पालखीभोवती गोळा होतात. टाळ-मृदंगाचा कल्लोळ चालू असतो. चोपदार चोप उंच धरतात आणि सगळे टाळ थांबतात. इतक्या माणसांत एकदम शांतता पसरते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार आवाजाच्या रोखानं तिथं जातात, ऐकून घेतात आणि निवाडा होतो. कुणाला ओरडावं लागत नाही, हात वर करावा लागत नाही. एवढ्या विस्तृत तळावर कोण दुखावलं आहे ते फक्त दिशेवरून कळतं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला शिस्त लावली. त्या शिस्तीत दिशा ओळखणाऱ्या कानावर केवढा भरवसा आहे, हे या रीतीत दिसतं.

ढोलाचं कडं

आदमापूरचा जागर, पट्टणकोडोलीची विठ्ठल-बिरदेवाची यात्रा, किंवा भुदरगड-राधानगरीतल्या धनगरवाड्यांवरचा कोणताही कार्यक्रम घ्या. ढोल गळ्यात अडकवलेले वादक कडं करून उभे राहतात, जोडीला झांजेसारखं कैताळ असतं आणि कडं फिरू लागतं. भंडारा उधळला जातो आणि बाळूमामांच्या नावानं चांगभलं होतं. हे कडं संगीताच्या दृष्टीनं बारकाईनं पाहण्यासारखं आहे.

समजा, कड्याचा व्यास दहा मीटर आहे. समोरच्या वादकाचा ठोका आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा साधारण पस्तिसावा भाग लागतो. म्हणजे हास यांनी सांगितलेल्या मर्यादेच्या आतच. त्यामुळे कड्यातला प्रत्येक वादक सगळ्यांचा ठोका एकच ऐकतो आणि लय टिकते. कडं चाळीस-पन्नास मीटरचं केलं तर समोरचा ठोका आपल्या ठोक्यापासून सुटा ऐकू येऊ लागेल आणि वादक एकमेकांच्या मागं ओढले जातील. लांबलचक मिरवणुकीत हीच पंचाईत होते. शंभर मीटर मागच्या वादकाला पुढचा ठोका सेकंदाच्या जवळजवळ तिसऱ्या भागाइतका उशिरा ऐकू येतो. मध्यम लयीतही हा अर्ध्या मात्रेहून मोठा फरक झाला. म्हणून मोठी पथकं हातवाऱ्यांवर, ध्वजाच्या इशाऱ्यावर चालतात. तिथं डोळ्यांना कानाची उणीव भरून काढावी लागते. धनगरी कड्यात ती गरज पडत नाही. कडं एवढंच मोठं का, याचं उत्तर वादकांच्या कानात आहे.

झेनाकिस यांच्या ‘पर्सेफासा’शी तुलना केली की फरक कळतो. तिथं वादक स्थिर राहतात आणि ठोका फिरतो. इथं वादकच फिरतात आणि प्रत्येक ढोलाचा स्वतंत्र आवाज त्यांच्याबरोबर फिरतो. तिथं श्रोता आत बसतो, तर इथं श्रोता कड्याबाहेर असतो आणि अधूनमधून आतही ओढला जातो. दोन्ही प्रयोग एकाच प्रश्नाची दोन उत्तरं आहेत. कड्याच्या आत आणि बाहेर मायक्रोफोन ठेवून या वादनाचा नेटका अभ्यास केला, तर जगातल्या तालवादकांना त्यातून नवं काही मिळेल, याबद्दल मला शंका नाही.

शाहिरीतली झील आणि कीर्तनातले टाळकरी हेही याच घराण्यातले. शाहीर पुढं, झीलकरी मागं. शाहिराची ओळ समोरून येते आणि ‘जी जी’चा जवाब त्याच्या पाठीमागून उठतो. कोल्हापूरच्या पिराजीराव सरनाईकांसारख्या शाहिरांची परंपरा ज्यांनी प्रत्यक्ष ऐकली, त्यांना हे पुढं-मागं अंगात मुरलेलं असतं. वारकरी कीर्तनात टाळकऱ्यांच्या रांगा बुवांच्या मागं अर्धवर्तुळ धरतात आणि धृपद वरचढ होतं तेव्हा एका माणसाच्या मागून शंभर माणसं बोलतात. बैठकीतही गायकाच्या मागं दोन बाजूंना दोन तंबोरे असतात. गायक स्वतः त्या दोन षड्जांच्या मधोमध बसून गातो. सूर लावण्याची ही जागा योगायोगानं ठरलेली नाही.

पाठमोरी भिंत

आधुनिक मराठी कलेत दिशेचा सर्वांत धाडसी उपयोग ‘घाशीराम कोतवाल’नं केला असं मी मानतो. विजय तेंडुलकरांचं हे नाटक डॉ. जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनात १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात प्रथम उभं राहिलं. संगीत भास्कर चंदावरकरांचं होतं आणि नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. कोकणातल्या नमन-खेळ्यांची आणि दशावताराची धाटणी, शिवाय कीर्तन, अभंग, लावणी असं सगळं त्यात आलं. चंदावरकर रविशंकरांचे शिष्य होते, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संगीत शिकवत होते आणि जगातल्या नव्या संगीताशी त्यांचा परिचय होता.

या नाटकातली रांगेनं उभ्या माणसांची भिंत सगळ्यांना आठवते ती डोळ्यांनी. ती कानानंही आठवावी अशी आहे. माणसाच्या आवाजातला टिपेचा भाग तोंडाच्या रोखानं पुढं जातो आणि खर्जाचा भाग सगळीकडे पसरतो. रांगेतले ब्राह्मण प्रेक्षकांकडे तोंड करून गातात तेव्हा शब्द धारदार ऐकू येतात. तेच वळून पाठमोरे झाले की आवाज बोथट आणि दबका होतो. जणू शहर पाहतंही आहे आणि न पाहिल्यासारखंही करतं आहे. रांग फुटून माणसं रंगमंचभर पसरली की कोरस रुंदावतो आणि पुन्हा आवळली की एका बिंदूत येतो. सत्तेपुढं समाजानं पाठ फिरवणं हा नाटकाचा विषय आहे, आणि चंदावरकरांच्या संगीतात तो आवाजाच्या दिशेनंही पोचतो. यासाठी एकही स्पीकर लागला नाही. नाटक १९८०मध्ये युरोपात गेलं तेव्हा तिथल्या प्रेक्षकांना भाषा कळत नव्हती, पण भिंत वळली की काय झालं ते कळत होतं.

या प्रयोगाचा संगीत म्हणून पुरेसा अभ्यास झाला पाहिजे. नाट्यसमीक्षेत ‘घाशीराम’वर खूप लिहिलं गेलं. त्यातल्या आवाजाच्या मांडणीचं बारकाईनं केलेलं टिपण संगीताच्या अभ्यासक्रमातही असायला हवं.

वास्तूंचं बोलणं

विजापूरचा गोल घुमट सगळ्यांना ठाऊक आहे. मुहम्मद आदिलशहाच्या या कबरीवरच्या घुमटाचा आतला व्यास ३७ मीटरच्या पुढं आहे. वरच्या सज्जात एका कडेला कुजबुजलेलं पलीकडच्या कडेला स्पष्ट ऐकू येतं आणि टाळीचे पडसाद पुन्हा पुन्हा येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१च्या सुमारास लंडनच्या सेंट पॉल चर्चमधल्या अशाच सज्जाचा अभ्यास केला आणि वळत्या भिंतीला धरून आवाज कसा सरकतो ते तपासलं. मुंबईचं टाटा थिएटर नेमकं उलट्या गरजेतून आलं. १९८० साली सुरू झालेल्या या सभागृहाचा आराखडा फिलिप जॉन्सन यांचा आणि ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची. सुमारे हजार श्रोत्यांना सतार किंवा गाणं मायक्रोफोनशिवाय ऐकू यावं, ही त्यामागची धारणा होती.

कोल्हापूरला हा विचार त्याच्याही कितीतरी आधी झाला होता. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ साली तयार झालं. मध्ये हौदा आणि चहूबाजूंनी चढत गेलेली बैठक. मधल्या हलगीचा कडकडाट शेवटच्या माणसापर्यंत पोचतो, कारण प्रत्येकाच्या आणि हौद्याच्या मध्ये कुणाचं डोकं आड येत नाही. त्याच्या शेजारीच पॅलेस थिएटर उभं राहिलं, पुढं ते केशवराव भोसले नाट्यगृह झालं. तिथं संगीत नाटकातल्या नटांनी ध्वनिवर्धकाशिवाय गाऊन मागच्या रांगेला दाद द्यायला लावली. ८ ऑगस्ट २०२४ला, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते आगीत जळालं.

या दुर्घटनेतून घ्यायचा धडा पॅरिसहून मिळतो. एप्रिल २०१९मध्ये नोत्र दामला आग लागली, पण त्याआधी २०१३ साली तिथल्या आवाजाची शास्त्रीय मोजणी झालेली होती. दुरुस्तीच्या काळात त्या मोजणीचा आधार घेता आला. आपल्याकडच्या वास्तूंचे नकाशे काढले जातात, छायाचित्रं घेतली जातात. त्यांचा आवाजही मोजून ठेवला पाहिजे. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप वरून गोलाकार उघडा आहे आणि भोवती खांबांची दाटी आहे. अशा जागेत आवाजाचा काही भाग आकाशात निघून जातो आणि काही खांबांवर आपटून विखुरतो. एक फुगा फोडून त्याचा पडसाद चांगल्या मायक्रोफोननं मुद्रित केला की त्या जागेची ध्वनिमुद्रा हाती येते. मग संगणकावर कोणतंही गाणं त्या जागेत गायल्यासारखं ऐकता येतं. महाविद्यालयातल्या मुलांना जमेल एवढं हे सोपं आहे.

एकाच भिंतीतून येणारा आवाज

या सगळ्या श्रीमंतीवर आज सर्वांत मोठं संकट आहे ते एकाच बाजूनं येणाऱ्या प्रचंड आवाजाचं. मिरवणुकीत ट्रॉलीवर रचलेली डॉल्बी पुढं आली की हलगी, सनई, लेझीम, माणसांचा गजर, सगळं त्या एका भिंतीत बुडतं. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि तिच्यावर दरवर्षी चर्चा होते. ती चर्चा आवश्यकच आहे, कारण प्रश्न लहान मुलांच्या आणि वृद्धांच्या आरोग्याचा आहे. पण आवाज मर्यादेत आला तरी संगीताचं नुकसान उरतंच. गल्लीच्या चार बाजूंनी येणारे आवाज जाऊन एकाच दिशेचा आवाज राहतो. कोण कुठं आहे हे ऐकण्याची सवय मोडते.

हे नुकसान गोंगाटातच होतं असंही नाही. हरिनाम सप्ताहात मंडपाबाहेर खांबाखांबावर भोंगे लावतात. सगळे एकाच क्षणी वाजतात, त्यामुळे मागं बसलेल्या माणसाला बुवा समोर उभे दिसतात, पण त्यांचा आवाज जवळच्या खांबावरून, बहुधा बाजूनं किंवा मागून येतो. डोळे एकीकडे आणि कान दुसरीकडे. यावरचा उपाय हास यांच्या नियमातच आहे. मंचापासून ३४ मीटरवर असलेला भोंगा सेकंदाचा दहावा भाग आणि वर थोडासा, इतका उशिरा वाजवला, तर मंचावरचा आवाज आधी पोचतो आणि कीर्तन समोरूनच ऐकू येतं. ही उशिराची सोय आजकालच्या बहुतेक डिजिटल मिक्सरमध्ये असते. खर्च वाढत नाही. मोजपट्टी घेऊन अंतर मोजायचं आणि आकडा भरायचा.

अडचणी आणि वाद

प्रयोगशील संगीतातल्या दिशेच्या कामावर गंभीर आक्षेप आहेत आणि ते टाळून चालणार नाही. पहिला आक्षेप बसण्याच्या जागेचा. स्पीकरच्या वर्तुळात मधोमध बसलेल्यालाच रचना नीट ऐकू येते. कडेच्या श्रोत्याला शेजारचा स्पीकर सगळं झाकून टाकतो. म्हणून जाणकार रचनाकार एका आदर्श खुर्चीसाठी रचत नाहीत. प्रत्येक जागेला वेगळं पण पूर्ण काहीतरी मिळेल असं रचतात. वारीच्या रस्त्याकडेला कोणतीही जागा वाईट नसते. तिथून शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे.

दुसरा आक्षेप अर्थाचा. आवाज गोल फिरवला, त्यातून कळलं काय? स्टॉकहाउझन यांनी १९५८च्या एका लेखात दिशेला सूर, काल, तीव्रता आणि पोत यांच्या बरोबरीचं स्थान द्यावं असं मांडलं. तसं सरसकट होत नाही, कारण सुरांना सप्तकाची चौकट आहे, तशी दिशेला नाही. दिशेला अर्थ येतो तो नात्यातून. कोण कुणाला उत्तर देतो, कोण मागून साथ देतो, कोण पाठ फिरवतो. ‘घाशीराम’मधली भिंत आणि तळावरचा तक्रारीचा टाळ अर्थपूर्ण होतात ते याच कारणानं. नुसता गरगर फिरणारा आवाज दहा मिनिटांत कंटाळा आणतो.

तिसरी अडचण जतनाची. दोन वाहिन्यांच्या ध्वनिमुद्रणात कडं सपाट होतं. मराठी बोलपटाची सुरुवात कोल्हापूरच्या मातीत झाली. प्रभात फिल्म कंपनी इथं १९२९ साली स्थापन झाली, ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली आला आणि पुढच्या वर्षी कंपनी पुण्याला गेली. तिच्याच जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि आज तिथं ध्वनिसंकल्पन शिकवलं जातं. आपल्याकडे जाणकार माणसं तयार होतात, पण त्यांचं कौशल्य जवळजवळ सगळं चित्रपटाकडे जातं. धनगरी ढोल, गोंधळ, झील यांचं चहूबाजूंचं मुद्रण करणारी मोहीम हाती घ्यायला हवी.

गारगोटीत काय करता येईल

डॉ. जे. पी. नाईक आणि व्ही. टी. पाटील यांच्या प्रयत्नांतून १९५२च्या सुमारास गारगोटीत मौनी विद्यापीठ उभं राहिलं ते ग्रामीण भागात नवा प्रयोग करता येतो या विश्वासावर. त्या परंपरेला शोभेल असं काम इथं होऊ शकतं. पहिलं काम मुद्रणाचं. अँबिसॉनिक मायक्रोफोन घेऊन आदमापूरचा जागर, बाजारातली मिरवणूक आणि डोंगराकडच्या वाड्यांवरचं कडं मुद्रित करावं. या पद्धतीचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि साध्या हेडफोनवरही भोवतालचा आवाज ऐकता येतो. दुसरं काम प्रयोगाचं. पटांगणात श्रोते मध्ये बसवून सहा ढोलकरी भोवती उभे करावेत, ठोका एकाकडून दुसऱ्याकडे द्यावा आणि कड्याचा व्यास वाढवत नेऊन लय कुठं तुटते ते वादकांबरोबर पाहावं. रचना त्यांनीच करावी, कारण कड्याचं ज्ञान त्यांच्याकडे आहे, आणि त्यांना कलावंत म्हणून मानधन मिळावं. तिसरं काम प्रशिक्षणाचं. तालुक्यातल्या मंडपवाल्यांना आणि ध्वनिव्यवस्था पुरवणाऱ्यांना भोंग्यांच्या अंतराचं आणि उशिराचं गणित एका दिवसात शिकवता येईल. शिवाजी विद्यापीठातला संगीत-नाट्य विभाग आणि भौतिकशास्त्राचे विद्यार्थी यात एकत्र आले, तर दोघांनाही नवा विषय मिळेल.

कोल्हापुरात जळालेल्या नाट्यगृहाची पुनर्बांधणी आणि गावोगावची नवी सभागृहं या चर्चेत खुर्च्या, वातानुकूलन आणि पार्किंग यांना जागा असते. त्या यादीत विनामाईक गायकाचा आवाज मागच्या रांगेत कसा पोचेल, हे कलमही असलं पाहिजे. झील धरणारी, कडं सांभाळणारी आणि टाळांवरून दिशा ओळखणारी माणसं आज आपल्यात आहेत. त्यांना विचारून, त्यांच्याबरोबर मोजून हे काम करता येतं. एक पिढी उलटल्यावर उपकरणं अधिक चांगली मिळतील, पण ज्यांना विचारायचं ती माणसं मिळणार नाहीत. म्हणून सुरुवात येत्या जत्रेपासूनच व्हायला हवी.